गावातली वीस घरे आणि मुंबईतले मंडळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ग्रामस्थ मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि गल्लीतील मित्रमंडळे यांनी आपल्या वृद्ध सभासदांसाठी काय करावे, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे ग्रामस्थ मंडळ मुंबईत असून गाव गुहागर तालुक्यात आहे. पुढील वर्षी मंडळाला साठ वर्षे पूर्ण होतात. शिल्लक आणि विशेष वर्गणी मिळून सुमारे दोन लाख रुपये हाती आहेत. गावातील सर्व ज्येष्ठांचा शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन सत्कार करावा, असा कार्यकारिणीचा विचार आहे. काही तरुण सभासदांचे म्हणणे असे की, वाडीत आता जेमतेम वीस घरे उघडी आहेत, त्यांपैकी बहुतेक घरांत एकटी किंवा दोघेच म्हातारी माणसे राहतात, आणि त्यांना शालीपेक्षा दुसरे काहीतरी हवे आहे. हे दुसरे काहीतरी म्हणजे नेमके काय, ते मात्र कोणालाच सांगता येत नाही. — कार्यवाह, मुंबई

उत्तर : आपल्या तरुण सभासदांचे म्हणणे खरे आहे, आणि ते मांडताना त्यांना शब्द सापडले नाहीत याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. सत्कार जरूर करावा, कारण वाडीतल्या आजीला चारचौघांत नाव घेऊन पुढे बोलावले जाते तेव्हा तिला होणारा आनंद खोटा नसतो. परंतु तो सोहळा गणपतीच्या दिवसांत, सगळे चाकरमानी गावात असताना, देवळाच्या सभामंडपात साधेपणाने उरकता येईल. त्यासाठी दोन लाख रुपये खर्ची घालण्याचे कारण नाही.

आपले मंडळ कशासाठी निघाले होते, हे जुन्या इतिवृत्तांच्या वह्या काढून एकदा पाहावे, अशी माझी विनंती आहे. गिरणगावात आणि गिरगावात कोकणातल्या गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. भिंतीलगत प्रत्येकाची पत्र्याची पेटी आणि वर गुंडाळलेली वळकटी असे, आणि पाळीवर गेलेल्याच्या जागेवर पाळीवरून आलेला झोपत असे. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांची मुंबईतली 'कूड' हीदेखील याच जातीची संस्था होती. तेथेही एका गावचे लोक एका छपराखाली राहत आणि संध्याकाळी सगळे मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत. या खोल्यांमध्ये पैसा फार नव्हता. तरीही एखादा गावकरी आजारी पडला तर त्याला केईएममध्ये कोणी न्यायचे, काम सुटलेल्याच्या खानावळीचे पैसे कोणी भरायचे, फारच खालावलेल्याला भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसवून गावी कोणी पोहोचवायचे, याचा निर्णय त्याच रात्री होत असे. याचे कारण अगदी साधे होते, ते म्हणजे त्याची वळकटी उलगडलेली नाही हे शेजारच्या माणसाला दिसत असे. मंडळाचे बळ त्या दिसण्यात होते. आज ज्यांच्यासाठी आपण काही करू पाहता, त्या माणसांना नेमके हेच हवे आहे : आपण दिसलो नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात यावे.

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, मागे बायका आणि म्हातारी माणसे, हे चित्र आकड्यांतही उतरले आहे. शिवाय जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर जे गावी परतले आणि परत गेलेच नाहीत, त्या पिढीतले त्या वेळचे तिशीतले कामगार आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. आपल्या वीस घरांत असे एक-दोघे असतीलच.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. मुंबईतल्या सभासदांनी आळीपाळीने गावी फोन करावा, अशी योजना बहुतेक मंडळे प्रथम आखतात, आणि पावसाळा संपेपर्यंत ती बंद पडते. फोन करणारा कामात असतो, ऐकणाऱ्याला कमी ऐकू येते, वाडीत रेंज नसते. म्हणून गावातच राहणारे कोणीतरी यासाठी नेमावे आणि त्या व्यक्तीला मानधन द्यावे. चाळिशी-पन्नाशीतली, वाडीतच नांदणारी, घरोघर ऊठबस असलेली एखादी बाई या कामासाठी सर्वांत योग्य ठरते. महिना पाच हजार रुपये दिले तरी वर्षाला साठ हजार होतात. म्हणजे आपल्या दोन लाखांत तीन वर्षांची सोय होऊन वर काही रक्कम उरते. तिने रोज सकाळी वीसही घरांवरून एक फेरी मारावी, ओटीवर क्षणभर टेकावे, दार उघडले आहे ना, चूल किंवा गॅस पेटला आहे ना एवढे पाहावे आणि एका वहीत घरापुढे खूण करावी. हे काम फुकट करून घेऊ नये. ज्या कामाला मोबदला नसतो त्याची कोणी विचारपूसही करत नाही, आणि गावच्या बाईने ते पुण्य म्हणून करावे अशी अपेक्षा मुंबईत बसून धरणे मला न्याय्य वाटत नाही.

ही फेरी नुसती बघण्याची नसते, याचे एक उदाहरण मी स्वतः पाहिलेले आहे. माझ्या नात्यातल्या एका आजींना वारंवार चक्कर येत असे आणि त्या पडवीतून अंगणात उतरायलाही घाबरू लागल्या होत्या. वयोमानाने होते, असे सगळे म्हणत. एकदा त्यांच्या उशाशी असलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून पाहिला, तर त्यात गोळ्यांच्या निरनिराळ्या पट्ट्या कात्रीने कापून ठेवलेल्या होत्या. काही पट्ट्या तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या होत्या, काही मुंबईच्या मुलाने पाठवलेल्या. दोन पट्ट्यांवरची नावे वेगळी होती, रंग वेगळे होते, पण पाठीमागच्या बारीक अक्षरांत औषध एकच होते, अम्लोडिपिन. रक्तदाबाची तीच गोळी त्या सकाळीही घेत होत्या आणि रात्रीही. डॉक्टरांना डबा दाखवला, एक पट्टी बंद झाली आणि महिनाभरात आजी पुन्हा परसदारी जाऊ लागल्या. मंडळाने वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, वीसही घरांतले असे डबे उघडून एखाद्या डॉक्टरकडून तपासून घेतले, तरी ते मोठे काम होईल. गावातल्या आशाताई आणि उपकेंद्राची परिचारिका यांना सुरुवातीपासून बरोबर घ्यावे, कारण रक्तदाबाची आणि साखरेची नोंद त्यांच्याकडे असते.

अडीअडचणीच्या वेळेची तयारी आधीच करून ठेवावी लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते, पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. तेथून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी असते, आणि पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून माणूस खाली आणायचा म्हणजे चार खांदे लागतात. वाडीत चार धट्टीकट्टी माणसे आज आहेत का, नसतील तर शेजारच्या वाडीतली कोण येतील, रात्री कोणाची रिक्षा किंवा टेम्पो मिळेल, हे ठरवून त्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत प्रत्येक घराच्या दाराआड चिकटवावेत. घडीची स्ट्रेचर घेऊन देवळात ठेवावी. पाखाडीला एका बाजूने लोखंडी कठडा आणि प्रत्येक न्हाणीघरात धरायला एक दांडी बसवावी. सभागृहाच्या कोनशिलेवर दिसते तसे देणगीदाराचे नाव या दांडीवर कोणाला दिसणार नाही, परंतु म्हातारपणीची पुष्कळ दुखणी पडण्यापासून सुरू होतात, हे विसरू नये.

कागदपत्रांचे काम मात्र मुंबईकर सभासदांनीच अंगावर घ्यावे. जुन्या गिरणी कामगारांपैकी ज्यांना भविष्यनिर्वाह निधीची ईपीएस-९५ ही पेन्शन मिळते, त्यांच्या हयातीचा दाखला वर्षातून कधीही दिला तरी चालतो आणि तो पुढे बारा महिने ग्राह्य धरला जातो, हे अनेकांना ठाऊक नसल्याने ते दर नोव्हेंबरात बँकेपुढे ताटकळत उभे राहतात. किमान पेन्शन १००० रुपये आहे, म्हणजे त्यातले शंभर-दीडशे जाण्या-येण्यातच संपतात. हा दाखला पोस्टमनकडून घरबसल्याही काढून घेता येतो. ज्यांना काहीच आधार नाही, वय ६५ च्या पुढे आहे आणि उत्पन्न मर्यादेत बसते, त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात भरून द्यावा. तिचे दरमहा १५०० रुपये मिळतात. सत्तरी पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून खुले झाले आहेत, पण त्यासाठी आधारवरून वेगळे कार्ड काढावे लागते आणि बोटांचे ठसे झिजलेल्या माणसांना ते काढताना त्रास होतो. गणपतीच्या सुट्टीत मंडळातल्या दोन तरुणांनी मोबाइल घेऊन ओटीवर बसावे आणि ही कामे एका दमात उरकावीत.

एक गोष्ट कार्यवाह या नात्याने आपण अवश्य तपासा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असेल आणि घटनेत फक्त देवस्थान आणि शैक्षणिक मदत एवढीच उद्दिष्टे लिहिलेली असतील, तर वृद्धांच्या देखभालीवर खर्च करण्याआधी सर्वसाधारण सभेत उद्दिष्टे वाढवून घेऊन तो बदल रीतसर नोंदवावा. हिशेबतपासणीच्या वेळी चांगल्या कामावर आक्षेप आला की लोकांचा उत्साहच मावळतो.

प्रश्न : मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार आहे. आमचे ८१ वर्षांचे एक सभासद एकटे राहतात, मुले परदेशात आहेत. बँकेत जाणे जमत नाही म्हणून त्यांनी आपले एटीएम कार्ड आणि त्याचा पिन माझ्याकडे ठेवावा, असा आग्रह धरला आहे. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. नाही म्हटले तर त्यांना वाईट वाटेल. मी काय करावे? — खजिनदार, डोंबिवली

उत्तर : नाही म्हणावे, आणि ते आजच म्हणावे. त्यांना वाईट वाटेल हे खरे, पण पुढे आपल्या दोघांनाही जे वाईट वाटू शकते त्याच्या मानाने ते थोडे असेल.

एका संस्थेत घडलेली गोष्ट मला जवळून ठाऊक आहे. अत्यंत सरळ स्वभावाचे एक गृहस्थ आपल्या वृद्ध मित्राचे पैसे काढून आणून देत असत. मित्राची स्मृती हळूहळू कमी होत गेली. एके दिवशी त्याने आपल्या मुलीला फोनवर सांगितले की, माझे पैसे कमी होत आहेत. मुलगी आली, पासबुक पाहिले, आणि काढलेली रक्कम दिसली, पण दिलेल्या रकमेची पावती कुठेच नव्हती. त्या गृहस्थांनी एक रुपयाही घेतलेला नव्हता, यावर माझा आजही विश्वास आहे. तरीही ते पुन्हा कधी संस्थेत आले नाहीत. चाळीस वर्षांची मैत्री एका वहीच्या अभावी गेली.

७० वर्षांवरील ग्राहकांना रोकड घरपोच आणून देणे, हयातीचा दाखला घरी येऊन घेणे अशा मूलभूत सेवा द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना कळवलेले आहे. आपण त्यांच्याबरोबर, किंवा त्यांचे पत्र घेऊन, शाखाधिकाऱ्यांना भेटावे आणि ही सेवा लेखी मागावी. शाखेत पहिल्यांदा कोणाला माहिती नसण्याची शक्यता आहे, तेव्हा दुसऱ्यांदा जावे लागेल, ही तयारी ठेवावी. संघाच्या पदाधिकाऱ्याचा भाव एकट्या ग्राहकापेक्षा वेगळा पडतो, आणि येथे संघाचा खरा उपयोग आहे. एवढ्यानेही भागत नसेल तर त्यांनी आपल्या मुलांशी बोलून, ठरावीक कामापुरते मुखत्यारपत्र वकिलाकडून करून घ्यावे. ते शक्यतो नातेवाइकाच्या नावे असावे, संघाच्या पदाधिकाऱ्याच्या नावे नसावे.

किराणा, वीजबिल, औषधे यांसाठी लहान रकमा सभासदांच्या हातून जाणारच. त्या वेळी दोघांनी मिळून जावे, पावती आणावी आणि एका वहीत दिलेली रक्कम, झालेला खर्च आणि परत केलेले पैसे लिहून त्यावर त्या वृद्ध सभासदाची सही घ्यावी. संघाने असा ठरावच करावा की, कोणत्याही पदाधिकाऱ्याने सभासदाकडून उसने पैसे घ्यायचे नाहीत, सभासदाचा पिन अथवा ओटीपी विचारायचा नाही आणि सभासदाच्या मृत्युपत्रात लाभार्थी व्हायचे नाही. असा ठराव कोणावर अविश्वास म्हणून होत नाही. तो सर्वांनाच लागू असल्यामुळे आपल्याला आपल्या मित्राला 'मला नको, संघाचा नियम आहे' असे सांगणेही सोपे जाते.

त्याच बैठकीत सर्व सभासदांकडून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक आपापल्या फोनमध्ये नोंदवून घ्यावा. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणालाही अटक करत नाहीत आणि 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही, हे दर बैठकीत पुन्हा सांगावे. असा फोन आला की घाबरून खोलीत बंद होऊ नये, आधी संघातल्या कोणाला तरी कळवावे. फसवणारा माणूस पहिले काम एकच करतो, तो म्हाताऱ्या माणसाला इतरांपासून तोडतो. तेवढा एक फोन वेळेवर झाला तर बहुतेक वेळा त्याचा डाव तेथेच मोडतो.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध दांपत्याने चार वर्षांपूर्वी राहते घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केले. आता मुलगा आणि सून त्यांना मागच्या खोलीत ठेवतात, जेवण वेळेवर देत नाहीत. गल्लीचे मित्रमंडळ चांगले आहे, पण सगळे म्हणतात की घरगुती मामला आहे. काही जण म्हणतात, त्या मुलावर सगळ्यांनी बहिष्कार टाकावा म्हणजे तो वठणीवर येईल. — एक भगिनी, कराड

उत्तर : बहिष्काराचा विचार सर्वप्रथम मनातून काढून टाकावा. वाळीत टाकण्याची रीत आपल्याकडे जुनी असली, तरी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय मुलाच्या घराचे पाणी तोडले तर त्याच घराच्या मागच्या खोलीत त्याचे आईवडील राहतात. मंडळाने न्यायाधीश होऊ नये, कारण त्या कामासाठी अधिकारी नेमलेले आहेत.

मंडळ काय करू शकते, ते २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. ज्येष्ठ नागरिक स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. म्हणजे आपले मित्रमंडळ नोंदलेले असेल तर दांपत्याच्या लेखी संमतीने ते त्यांच्या वतीने उभे राहू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. निर्वाहासाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंतची रक्कम ठरवता येते, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. देखभाल करीन या अटीवर बक्षीसपत्र झाले असेल आणि देखभाल होत नसेल, तर याच कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. ती अट लेखी आहे की नाही यावर बरेच अवलंबून असते, म्हणून बक्षीसपत्राची प्रत एखाद्या जाणत्या वकिलाला आधी दाखवावी.

परंतु अर्जापूर्वी एक पायरी आहे, आणि ती सर्वांत नाजूक आहे. त्या दोघांना काय हवे आहे, हे त्यांना एकांतात विचारावे. मुलासमोर विचारू नये, चौकात तर नाहीच. शक्य तर आजींना गल्लीतल्या एखाद्या बाईने आणि आजोबांना त्यांच्या वयाच्या एखाद्या मित्राने वेगवेगळे विचारावे. आपली मुले कशीही वागली तरी त्यांच्याविरुद्ध कचेरीत जाणे पुष्कळ आईवडिलांना मरणाहून कठीण वाटते, आणि त्यांची ती भावना बाजूला सारण्याचा अधिकार मंडळाला नाही. त्यांना एवढेच हवे असेल की कोणीतरी रोज येऊन बसावे, तर मंडळातल्या दोघांनी रोज जाऊन त्या मागच्या खोलीत बसावे, चहा मागावा, आजोबांना संध्याकाळी कट्ट्यावर घेऊन यावे. लोकांची नजर घरावर आहे हे कळल्यावर ताटातल्या भाकरीत फरक पडतो, असा अनुभव मी घेतलेला आहे. मात्र मारहाण होत असेल, औषध अडवले जात असेल किंवा जिवाला धोका असेल, तर संमतीची वाट पाहत बसू नये आणि सरळ पोलिसांना कळवावे. १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीवरही सल्ला मिळतो.

'भाऊबंद' या शब्दापासून आपल्या भाषेत 'भाऊबंदकी' तयार झाली, आणि तिचा अर्थ भांडण असा रूढ झाला. बंधुभावाने एकत्र आलेल्या मंडळाने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना हा धोका लक्षात ठेवावा. पण त्या भीतीने 'घरगुती मामला' म्हणून पाठ फिरवणे अधिक वाईट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पुरुषांचाच कट्टा भरतो. बायकांना तिळगुळाच्या कार्यक्रमाला आणि सहलीच्या स्वयंपाकाला बोलावतात. मी ६७ वर्षांची असून पती हयात नाहीत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. बायका पुरुषांपेक्षा अधिक जगतात आणि नवऱ्याच्या मागे एकट्या राहणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी असते, तेव्हा ज्या संघात त्यांना स्थान नाही तो संघ अर्ध्याहून अधिक काम सोडून देत आहे. पुढच्या सभेत दोन गोष्टी मागाव्यात : कार्यकारिणीत निम्म्या जागा, आणि दुपारी तीनची बैठक, कारण संध्याकाळी सहाची वेळ बायकांना स्वयंपाकामुळे आणि नातवंडांमुळे जमत नाही. तिळगुळाच्या कार्यक्रमाला हळदीकुंकवाचे स्वरूप असेल तर ते प्रत्येकीला लावावे, कोणाला वगळू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. एका गावाला जे जमले ते शहरातल्या संघाला अवघड वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून वय ७९ आहे. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्यात आहे. गावातल्या मित्रमंडळातले लोक चांगले आहेत. ते म्हणतात, तुमची भाजी आणून देतो, डॉक्टरकडे नेतो. मी प्रत्येक वेळी नको म्हणतो. आयुष्यभर कोणाचे उपकार घेतले नाहीत, आता का घ्यावेत? गुडघे दुखतात, त्यामुळे बाहेर जाणे बंद झाले आहे. दिवस मोठा वाटतो. — एक वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. आपल्याला मदत नको आहे, असे मला त्या वाक्यावरून वाटत नाही. आपल्याला फक्त घेणाऱ्याच्या जागी बसवले जाणे नको आहे, आणि तो आपला स्वाभिमान आहे. यात आपल्या मित्रांचीही थोडी चूक आहे. त्यांनी आपल्याला काय आणून देऊ हे विचारले, पण आपल्याकडून काय मिळेल हे कोणी विचारले नाही. मंडळे म्हाताऱ्या माणसांना लाभार्थींच्या यादीत घालतात आणि तेथेच त्यांची अर्धी उमेद खचवतात.

आपण शिक्षक होता, म्हणजे गावातल्या निम्म्या घरांतली माणसे आपल्या हाताखाली शिकलेली असतील. त्यांची नावे, त्यांच्या आईवडिलांची नावे, कोणाचे घर कोणत्या वळणावर आहे, हे आपल्याला पाठ असेल. या पानावरचे पहिले पत्र आपण वाचले असेलच. ज्या वाडीत वीस घरांवरून रोज फेरी मारण्याचा विचार चालला आहे, तेथे फेरी मारणारी बाई मिळेल, परंतु तिने आणलेली खबर नीट लिहून ठेवणारे, कोणाची पेन्शन थांबली, कोणाच्या दाखल्याची मुदत संपत आली, कोणी दोन दिवस जेवले नाही हे लक्षात ठेवणारे माणूस मिळणे फार कठीण असते. आपल्या गावातही अशी घरे आहेत. मंडळाच्या लोकांना घरी बोलवावे आणि सांगावे की, ही नोंदवही मी ठेवतो. हजेरीपट भरण्याची सवय असलेल्या माणसाइतके हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. त्याबरोबरच रोज सकाळी पाच-सहा एकट्या माणसांना फोन करण्याचेही काम घ्यावे. त्यांत आपले विद्यार्थी निघतील, कदाचित सहकारी शिक्षकही निघतील.

मग कोणी भाजी घेऊन आले तर ती घ्यावी. मंडळाचा एक माणूस दुसऱ्याकडे काम घेऊन आला आणि येताना बाजारातून भोपळा घेऊन आला, एवढाच त्याचा अर्थ राहील. गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे जाणेही लांबणीवर टाकू नये. ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटीचा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे, तेव्हा बरोबर येणाऱ्या मित्राच्या तिकिटाचे पैसे आपण द्यावेत, म्हणजे उपकाराचा प्रश्नही उरणार नाही.

एक सूचना अनुभवाची आहे. फोनसाठी सकाळी साडेसातची वेळ ठेवावी. तोवर बहुतेकांचा चहा झालेला असतो, माणूस घरात असतो, आणि कोणी फोन उचललाच नाही तर शेजाऱ्याला दार वाजवायला सांगण्यासाठी अख्खा दिवस हाताशी असतो.